अजून पंधरा दिवस

ती ओळ नको. ती नाही द्यायची — हात लावू नकोस म्हणतोय ना. चिठ्ठी खरी आहे रे बाबा, दीडशे शिरीष, पन्नास तुती, माझ्या वहीतही तेच आहे, नाही कुठं म्हणतोय मी? ओळीच्या टोकाला पाटी खोचलीय, तिच्यावरही चिठ्ठीवरचाच ऑर्डर नंबर आहे, तेही बरोबर. पण ती रोपं मी देणार नाही. का म्हणजे? ये इकडे, दाखवतो. ही एक पिशवी — बघ हं, उचलत नाही, ओढावी लागतेय — ऐकलंस? कट् करून वाजलं ना? ते सोटमूळ तुटलं. पिशवीचं बूड फोडून खाली जमिनीत गेलं होतं, चांगलं वीतभर. आता हे नेऊन लावलं की आठ दिवस हिरवं दिसेल, मग मान टाकेल, आणि तिकडं लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं मेलेला माल गळ्यात मारला. उंच दिसतात म्हणून भुललास ना? सगळेच भुलतात. छातीएवढं रोप बघितलं की गिऱ्हाईक खूश. अरे, एवढ्याशा पिशवीत छातीएवढं वाढलंय म्हणजे खाली काय झालं असेल त्याचं? आत मुळांचं नुसतं वेटोळं झालंय. नवीन जमिनीत लावलं तरी ती मुळं बाहेर पडत नाहीत, तिथल्या तिथं फिरत बसतात.

चूक कुणाची? माझी. दुसरा कोण आहे इथं? महिन्याभरानं पिशव्या जागच्या हलवायच्या असतात, म्हणजे खालून फुटलेलं मूळ लहान असतानाच मोडतं आणि रोप हुशारीनं राहतं. चाळीस वर्षं करतोय मी हे काम, झोपेतसुद्धा करीन. नाही केलं यंदा. ह्या एका ओळीला नाही केलं. बाकीच्या सगळ्या हलवल्या. बस की जरा, टेम्पो काही पळून जात नाही. चहा? नको? सकाळी सकाळी चहा नको म्हणणारा ड्रायव्हर पहिल्यांदा बघतोय. बरं, पाणी तरी घे, माठ तिथं जाळीखाली आहे.

ताईंनी पाठवलं तुला? स्वतः नाही आल्या? मी फोनवर सांगितलं होतं, रोपं स्वतः येऊन निवडावी लागतात म्हणून. आमचा नियमच आहे तो. म्हणजे — नाहीये. असा कुठं नियम असतो का? कोणीही यावं, चिठ्ठी दाखवावी, माल न्यावा. त्यांच्यापुरता केला होता. म्हटलं, निवडायला तरी येतील. आता तू माझ्याकडं असा बघू नकोस, म्हातारा चळला असं वाटतंय ना तुला? नाही चळला. माझी मुलगी आहे ती. ताई नाही, मॅडम नाही, पोटची पोर आहे माझी. घरात टिल्ली म्हणायचो आम्ही, एवढीशी होती म्हणून. सहा वर्षं झाली, ह्या फाटकातून गेली त्याला. तिची आई आधीच गेली होती, नाहीतर तिनं जाऊ दिलं नसतं. मला तरी कान धरून मागं पाठवलं असतं.

आणि बघ, फोन केला तो कुठं — घरच्या नंबरवर नाही. रस्त्यावरच्या पाटीवर जो नंबर आहे, त्याच्यावर. ती पाटी तिनंच रंगवलेली आहे, अकरावीत असताना. उन्हाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट, मी पिशव्यांत माती भरत होतो, हात मातीचे, तसाच फोन कानाला लावला. पलीकडून म्हणते — “नमस्कार, रोपं हवी होती.” एवढंच. पहिल्याच शब्दाला ओळखलं मी. बापाला कळत नाही का? आणि मी काय म्हणालो असेन? सांग बरं, काय म्हणालो असेन? “बोला ताई, कोणती हवीत?” झालं! सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणतो तेच. तोंडात बसलंय ना ते. मी हातावरची माती पुसली. तेवढ्यात म्हणायला हवं होतं रे — टिल्ली, तू का गं? चार शब्द. मग ती म्हणाली, “शिरीष आणि तुती.” मी म्हणालो, “किती?” आणि मग ते तसंच चालू राहिलं. ती ग्राहक, मी दुकानदार. अहो-जाहो.

पण एक सांगतो तुला, हसू नकोस. रोपवाल्याला चौकशी करायची मुभा असते. म्हणालो, ताई, जमीन कशी आहे? म्हणाली, मुरमाड, वरच्या अंगाला खडक. उतार कुठं? पूर्वेला. पाणी? विहीर आहे, घरापासून दोनशे पावलांवर. लगेच कळलं मला, घर आहे म्हणजे. स्वतःचं. घर कसलं, असं काही विचारता येत नव्हतं, मग म्हणालो, घराच्या कुठल्या अंगाला सावली हवी? म्हणाली, स्वयंपाकघर पश्चिमेला आहे, दुपारी तापतं. जनावरं आहेत का, कुंपण लागेल? एक म्हैस. पाणी घालायला माणसं किती? म्हणाली, “दोन.” म्हणजे नांदतेय. आणि दोनच. मी सगळं वहीत लिहून घेतलं. गिऱ्हाइकाचं कोण लिहितं एवढं? त्या पानावर म्हैससुद्धा लिहिलीय मी.

मग तीन महिन्यांनी पुन्हा फोन. “झाली का रोपं?” झाली होती की! अगदी न्यायच्या घडीला आली होती — वीत-दीड वीत, खोड पेन्सिलीएवढं, पानांवर तकाकी. आणि मी म्हणालो, “नाही ताई. अजून पंधरा दिवस.” का? अरे, नेली की संपलं ना! रोपं नेल्यावर गिऱ्हाईक कशाला फोन करतंय? पंधरा दिवसांनी परत आला फोन. अजून पंधरा दिवस. कधी म्हणालो खत दिलंय, कधी म्हणालो कीड पडलीय, औषध मारलंय. एकदा तिला सर्दी झाली होती, आवाज बसला होता. मी म्हणालो, ताई, हवा बदललीय, रोपांना जपा — रोपं माझ्याकडं आणि जपायचं तिनं! तीही हसली बहुतेक. बहुतेक म्हणजे, आवाज आला तसा. सात फोन झाले. हा फोन मी पिशवीत गुंडाळून वाफ्यावर घेऊन जात होतो, चार्ज करायला ठेवला तर बाजूला बसून राहायचो. आणि त्या ओळीकडं जायचं मात्र टाळायचो. हलवायला गेलो तर दिसणार ना, किती वाढलीत ते. खोटं बोलतोय ते तोंडावर दिसणार. म्हणून नाही हलवली. लावणीचा हंगाम संपत आला आणि पोरीची दोनशे रोपं मी माझ्या हातानं वाया घालवली. पंधरा-पंधरा दिवसांच्या हप्त्यानं.

भांडण? भांडण कसलं, मीच भांडलो. तिला माझ्या हाताखाली तयार केली होती, कलमं बांधायची तर अशी की मला जमणार नाहीत. आणि एक दिवस म्हणते, लग्न ठरवलंय. कोणाशी? तर इथं मागच्या अंगाला बोअर मारायला गाडी आली होती, त्या गाडीवरच्या माणसाशी! मी त्याला नीट बघितलासुद्धा नाही. डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेले पाच जण, त्यातला कुठलातरी एक. आज ह्या गावात, उद्या त्या गावात, गाडीतच झोपायचं, गाडीतच खायचं. मी म्हणालो, आपण जमिनीत झाडं लावणारी माणसं आणि हा भोकं पाडत हिंडणारा. म्हणालो, ज्याला स्वतःची वीतभर जागा नाही तो तुला कुठं रुजवणार? फार आवडलं होतं मला ते वाक्य. चारचौघांत दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ती दारात उभी होती. अजूनही मला वाटतं, तो माणूस काही धड नसणार. नाहीतर सहा वर्षांत एकदा तरी सासऱ्यासमोर येऊन उभा राहिला नसता? आताही बघ, बायकोची रोपं आणायला भाड्याचा टेम्पो! शेपूट घालून बसला असेल घरी. तुझी ओळख असेलच की. कसा आहे? पितो-बितो का? — सांगू नकोस, राहू दे. तुझ्या भाड्याचा प्रश्न आहे, कळतं मला.

चल, उठ. कामाला लागू. ती उंच रोपं मी फेकून देईन, ते माझं मी बघतो. तुला त्या पलीकडच्या वाफ्यातली देतो. दिसायला लहान आहेत, पण मुळं सरळ आहेत. दुसऱ्या एकासाठी केली होती, त्याला पुढच्या वर्षी देईन, शिव्या खाईन, त्याला काय. दीडशेला पंधरा आणि पन्नासाला पाच जास्तीची घे. ही नांग्यांसाठी. नांगी माहीत नाही? ओळीत एखादं रोप मरतं, तिथं मोकळी जागा राहते, ती नांगी. महिन्याभरात भरली तर भरली, नाहीतर आजूबाजूची वाढतात आणि नंतरचं रोप सावलीत खुजं राहतं. तिला हे ठाऊक आहे, सांगायला नको. एवढं मात्र सांग तिला — उशीर झाला ती चूक रोपवाटिकेची आहे. मालकाची, असं सांग. मालक म्हणाले चूक माझी. बाकी काही नको सांगूस. कॅरेट आण इकडं, मी काढून देतो, तू ठेव. हां. हे घे. हे घे —

थांब. ते परत उचल. ते नाही, दुसरं कुठलंही उचल, आत्ता उचललंस तसं. अरे, टेम्पोवाले रोपं कशी धरतात मला माहितेय, शेंड्याला धरून, चार ह्या हातात, चार त्या हातात, कोंबड्या धरल्यासारखी. तू बुडाखाली तळहात दिलास. शेंडा खांद्याला टेकवलास. आणि कॅरेटात ठेवताना पिशवीचा जोड आतल्या अंगाला फिरवलास. हे कुठं शिकलास? कुठल्याच रोपवाटिकेत असं करत नाहीत. वेडेपणा म्हणतात ह्याला, वेळ जातो म्हणतात. मी करतो. आणि जन्मात एकाच माणसाला शिकवलंय मी ते. — खाली काय बघतोस? वर बघ. टेम्पो भाड्याचा नाहीये ना हा?

तुझाच आहे. म्हणजे — तुमचा.

थांबा, खुर्ची पुसतो. नाही, नाही, बसा तुम्ही. बसा हो. माझी अक्कल शेण खायला गेली होती. घंटाभर मी तोंडाला येईल ते बोलतोय, भोकं पाडणारा काय, शेपूट काय, पितो का काय, आणि तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मध्येच सांगायचं नाही का? तिनं बजावलं असेल, गप्प राहा, रोपं घ्या आणि या. बरोबर आहे तिचं. तुम्हाला मी अरे-तुरे — जाऊ द्या. बरी आहे ना ती? तो खोकला? दर हिवाळ्यात व्हायचा तिला. नाही होत आता? अच्छा. कोरड्या हवेनं असेल. विहीर तुम्हीच खोदलीत? स्वतः? किती खोल? — बरंय. बरंय की. आणि आधी एकदा आला होतात? फाटकापर्यंत? कधी? मी काय करत होतो? … तिनं रंगवलेली पाटी धूत होतो. मग हाक का नाही मारलीत हो?

वाजतोय. तुमच्या खिशात, फोन वाजतोय. तिचाच? रोपं मिळाली का विचारत असेल. घ्या ना, बोला, मी आहे इथं, मी भरतो तोवर कॅरेट. — नको, नको! मला कशाला देताय? मी काय बोलू? आजवर रोपांचं बोलत होतो, रोपं तर दिली, आता काय आहे माझ्याकडं बोलायला? घ्या तो तिकडं. सांगा मालक नाहीत इथं. सांगा, मालक बाहेर गेलेत, कामावरच्या माणसानं माल दिला. असे काय बघताय? मी नाहीये म्हणून सांगा तिला! अहो —

उचललात का फोन? चालू आहे का तो?