धुवून परत आलेला ट्रॅक्टर

...ते सगळं असू दे हो, पण मी म्हणतो, धुवून का दिला? माझा बागेतला छोटा ट्रॅक्टर, लग्नाआधीपासूनचा, शेजारचा वर्लिन बटाट्यांना मातीची भर द्यायला घेऊन गेला. शेजाऱ्याला नाही कोण म्हणणार? आमच्या आयोवात मागून नेलेली वस्तू टाकी भरून परत करतात, तेही मान्य. पण धुवून? वर आमच्या हिच्या, म्हणजे आर्डिसच्या, हातात रूबार्बच्या आंबट देठांचा केक ठेवला? तुम्हाला सांगतो, केक घेऊन येणारा माणूस काहीतरी मोडून आलेला असतो.

शेडमध्ये नेताना बघतो तर मागचं डावं चाक डुलतंय... आणि शनिवारी जत्रेत ट्रॅक्टरनं वजन ओढायची शर्यत. गेल्या वर्षी माझ्यामागे दुसरा कोण आला होता? वर्लिन. आता बोला.

लावला जॅक. चाक वरनं-खालनं धरून हलवलं, खटक्. म्हटलं, नट ढिले केले लेकाच्यानं. पाना लावला तर नट घट्ट. बरं, मग चाकाचा हब जागेवर धरणारी लोखंडी चावी झिजवली असेल... तर हब अ‍ॅक्सलला चिकटून, दोघं मिळून डुलतायत. म्हणजे ढिलाई आणखी आत. अ‍ॅक्सलच वरखाली होतोय, बेअरिंग गेलं. आर्डिस म्हणते, "अहो, जुनं झालंय, झिजलं असेल." झिजलं असेल म्हणे. मग धुवून का दिला?

नवं बेअरिंग सोमवारशिवाय येणार नाही, म्हणजे शर्यत बुडाली. गेलो वर्लिनकडे. आता आमच्याकडे एकदम मुद्द्यावर येत नाहीत, आधी पाऊस, मग मका, मग त्याचा गुडघा... शेवटी निघताना दाराची कडी हातात धरून म्हटलं, "वर्लिन, ते चाक..."

हा कानापर्यंत लाल. "गॉर्डी, तुझ्या फाटकातून निघतानाच दिसलं रे मला, डुलत होतं. पण सांगू कसं? तुला वाईट वाटलं असतं. म्हणून वापरलाच नाही. भर खोऱ्यानं दिली, कंबर धरली. आणि तसाच परत दिला तर तू विचारणार, का नाही वापरलास? म्हणून धुतला. ते जाऊ दे, शनिवारी माझा घेऊन जा, मी नाही उतरत यंदा."

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. त्याचा ट्रॅक्टर घेऊन घरी आलो, शेडमध्ये लावला... आणि सहज, अगदी सहज हो, जॅक लावून चाक हलवून पाहिलं. तसूभर हलेना. दुसरं पाहिलं, तेही पक्कं. आता तुम्हीच सांगा, शर्यतीतल्या माणसाला कोण एवढी घट्ट चाकं फुकट देतो? काहीतरी...

आर्डिसनं माझ्या हातातला जॅकचा दांडा काढून घेतला. म्हणाली, "ट्रॅक्टरचं बेअरिंग सोमवारी येईल. तुमचं कुठून मागवू?"