क्रांतीच्या कोपराचे अंश

...आणि वर घरातले सगळे मलाच म्हणतात, घाबरट. मी काही घाबरट नाही हो, पण तुम्हीच सांगा, सहा वर्षांची पोर, क्रांती आमची, स्टँडवर लावलेल्या गाडीवरून पडते, उजवं कोपर मोडतं, प्लॅस्टर निघतं आणि हात वाकायचा जो थांबतो तो काटकोनातच, वर डॉक्टर म्हणतात, सोमवारपर्यंत एकशे वीसच्या पुढं गेला नाही तर भूल देऊन वाकवू... भूल म्हणे! मग काय, शांत बसायचं?

फिजिओथेरपीच्या शाहिस्ता मॅडमकडं गोनिओमीटर असतो, म्हणजे दोन पट्ट्या आणि मध्ये अंशांची चकती, एक पट्टी दंडावर, एक मनगटाकडं, की कळलं हात किती वाकला; सरळ हात म्हणजे शून्य, जितका वाकेल तितका आकडा मोठा. मी म्हटलं, एवढंच ना, बी.एस्सी. झालीय मी, काढला कंपासपेटीतला कोनमापक. सकाळी नव्वद. दुपारी अठ्ठ्याऐंशी. मग तुलनेला सासूबाईंचा मोजायला गेले, तर त्या, "माझा कशाला मोजतीस गं? चाळीस वर्सं भाकरी थापतोय ह्या हातानं. पोरीचा घास तोंडात जातोय न्हवं?" जातो हो, पण घास वर येत नाही, मान खाली जाते घासाकडं, ते मी बघते ना. मी काही घाबरट नाही, मला फक्त दिसतं.

सोमवारी मॅडमनी पट्ट्या लावल्या. "वाकव बाळा." पंच्याऐंशी, नव्वद, ब्याण्णव... थांबला. मी खालचा ओठ दातात धरलेला. आणि मॅडम कोपर सोडून माझ्याकडंच बघतायत. "ताई, जरा बाहेर बसता का?" मी का? कोपर माझं आहे का?

बसले पडद्याबाहेर. आतून आकडे येतायत, शंभर, एकशे दहा, मी बाकाची कड धरलेली, एकशे वीस... एकशे अडतीस. मॅडम विचारतायत, "मगाशी का थांबलीस गं?" तर आमची बया, "मम्मी असं तोंड करती की. मग मला वाटतं आता दुखणार हाय, मग मी थांबतो."

म्हणजे आठवडाभर मी कोपर मोजत होते आणि पोरगी माझं तोंड.

भूल टळली, पेढे वाटले, सगळं झालं. फाईलवर मॅडमनी लिहिलंय, उजवं कोपर, एकशे अडतीस अंश, आणि शेजारी बारीक अक्षरात, 'आई बाहेर'. आता दर सोमवारी कुणी सांगायच्या आधीच मी बाकावर जाऊन बसते. बाकाची पाठ शंभर अंशात आहे. मोजलीय. मी काही घाबरट नाही हो.