शेजारी कोण उभं आहे?

हॅलो?… कोण?… अरे, तू! आज कसा काय? छावणीत तुम्हाला रविवारीच देतात ना फोन?… खास परवानगी? ती कशाबद्दल?… थांब, शिलाईचं मशीन बंद करते. हं, बोल.

मजेत? बरं… हो, जेवलास, कळलं… अरे, किती वेळा ‘मजेत, मजेत’? शेजारी कोण उभं आहे?… कुणी नाही? मग मघाशी ‘सांग, सांग’ कोण म्हणालं?

आईला फसवतोस होय! नीट सांग, काय झालंय?… पाय?… घोट्यात मोडला? कसा?… नदी ओलांडताना? एवढ्या पाण्यात उतरवलं कुणी तुम्हाला?… सराव होता म्हणे! आणि तुमचे साहेब कुठे होते, काठावर छत्री धरून?… त्यांची बाजू घेऊ नकोस. पढवलंय तुला, दुसरं काय!

अरे, ऐक ना. मला पहिल्यापासून पटलंच नव्हतं. घरात कुणी चार शब्द सांगितलेले खपत नव्हते, आणि भरती झालास कुठे, तर जिथं उठता-बसता हुकूम! का गेलास, खरं सांग… देशाचं नको आत्ता, ते मी तू निघालास तेव्हा ऐकलंय… काय?… बाबा असं म्हणाले? कधी?… ‘तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही’?… गिऱ्हाइकाचं कपाट वाकडं झालं, तेव्हा ना? अरे, रागात बोलून गेले असतील. सुतारकाम काय सगळ्यांनाच जमतं? आणि तेवढ्यासाठी तू थेट… अगं बाई! मला का नाही बोललास?

नाही, रडत नाहीये. साहेबांना फोन दे. आहेत ना शेजारी? दे म्हणते ना!

…हां, नमस्कार. मी त्याची आई… ते गोड बोलणं राहू द्या. पाण्याला ओढ होती, तरी पोरांना उतरवलंत का?… काय म्हणालात?… अंदाज चुकला? तुमचा?… नाही, म्हणजे… मला वाटलं, दोष त्याच्याच माथी माराल… वरच्यांनाही हेच सांगितलंत? आणि उद्या शब्द फिरवलात तर?… बघू. माझा एवढ्यात विश्वास बसायचा नाही, सांगून ठेवते.

घरी पाठवाल? हवं तर कायमचा?… पण त्याला विचारलंत का?… काय म्हणतो?… तुमच्याच तुकडीत राहणार? हं. त्याला द्या जरा.

का रे, धाक घातला का त्यांनी?… मग?… वाहून चालला होतास? अरे देवा! हे आत्ता सांगतोस?… उडी कुणी मारली मागून?… साहेबांनी?… खांदा निखळला त्यांचा? आणि मघाशी चकार शब्द काढला नाही!

दे पुन्हा त्यांना… साहेब, खांद्याचं का नाही बोललात?… त्याचा काय संबंध? वा!… नाही, राग गेला नाहीये माझा. इतक्यात जायचाही नाही. पण एक विचारते. आई आहे ना तुम्हाला?… त्यांना कळवलंत?… उगाच घोर लागेल म्हणून नाही?

अहो, तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी! हे बघा, पोराशी मी नंतर बोलेन. आधी आईला फोन लावा… नाही, संध्याकाळी नाही. आत्ता. ठेवते मी.