ग्रीन कार्डावरचा यजमान

अरे, सुलभाचं, म्हणजे आमच्या बायकोचं, ग्रीन कार्ड आलं ना, त्यावर चक्क 'मेल', म्हणजे पुरुष, छापलं होतं! तेव्हा ऑनलाइन-बिनलाइन काही नव्हतं, यार. सुट्टी टाकून इमिग्रेशनचं ऑफिस गाठलं. तिथली बाई म्हणाली, "दुरुस्त करू. पण नवं येईपर्यंत हेच चालेल."

झालं! त्याच आठवड्यात आमच्या क्युपर्टिनोच्या घरी सत्यनारायण. मी सोवळं नेसून यजमानाच्या पाटावर बसणार, तेवढ्यात ही म्हणते, "ऊठ. सरकारदरबारी पुरुष मी आहे. तू नुसता माझ्या हाताला हात लाव."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी हिने पुढे केलेलं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि पळी हिच्या हातात दिली.

पुढच्या पूजेपर्यंत दुरुस्त कार्ड आलं होतं. मी ऐटीत पाटावर बसलो. गुरुजी म्हणाले, "थांबा, आधी तुमचं कार्ड दाखवा."