मिठाची गोळी

‘मोठ्यांनी बस म्हटलं की बसायचं, का ते विचारायचं नाही’ – लहानपणापासून हेच ऐकत आलेय, वहिनी. आज बसत नाहीये, म्हणून बघायला आलेल्या तुम्हाला वाटतंय मुलगी उद्धट आहे – वाटू दे. पण तुम्ही उठू नका. तिथंच ओसरीवर बसा, तुमच्या सासूबाईंच्या शेजारी, मी या आतल्या दारातूनच बोलते. लाजतेय? छे, लाजतेय कसली. पाचवा महिना ना तुम्हाला? आणि तुमच्याच हातून माझी ओटी भरायची ठरलीय, गर्भार बाईच्या हातची ओटी चांगली म्हणे – मग ऐकाच. ही ठुशी कशाला घातलीय मला भर दुपारी? ठुशीखाली टाक्यांचा वण आहे. थायरॉइड काढलीय माझी. गाठ होती, कॅन्सरची. – डोळे वटारून काय होणार, काका, निघालं आता तोंडातून.

नाही हो, कॅन्सर लागत नाही कुणाला. भीती वेगळ्याची आहे. उरलंसुरलं मारायला मुंबईच्या हॉस्पिटलात मला एक गोळी दिली, परवाच घरी आलेय. सोडियम आयोडाइड. म्हणजे काय? मीठच म्हणा – पांढरं, पाण्यात चटकन विरघळणारं, आपल्या खायच्या मिठाचं चुलत भावंड. फक्त त्यातलं आयोडीन किरणोत्सारी. टेल्युरियम नावाचा पदार्थ अणुभट्टीत ठेवतात, त्याचं हे आयोडीन होतं, मग ते तापवून त्याची वाफ काढायची आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पकडायची – बी.एस्सी.ला पेपरात लिहिलं होतं मी, पुढे गिळावं लागेल हे कुठं ठाऊक होतं. शरीराला ते साधंच आयोडीन वाटतं, ते गळ्यात नेऊन साठवतं, आणि तिथं ते आतून जाळत बसतं. पण सगळे किरण गळ्यात थांबत नाहीत – काही अंगातून बाहेर येतात, समोरच्यापर्यंत. दिसत नाहीत, वास नाही. आठ दिवसांनी निम्मं उरतं, पुढच्या आठ दिवसांनी त्याच्या निम्मं. शिवाय घामातून निघतं, थुंकीतून निघतं. आणि पोटातल्या बाळाच्या गळ्यातही ती थायरॉइडची ग्रंथी असते, वहिनी, तुमच्याही बाळाच्या – तीसुद्धा आयोडीन ओढते.

यांना ठाऊक नव्हतं? होतं की. डॉक्टरांनी काकांच्या समोर सांगितलं, गर्भार बाईपासून, लहान मुलांपासून लांब ठेवा. काकांनी त्यातला एकच शब्द धरला – मीठ. ‘मिठागरात जल्म गेला आमचा, गो. पाय फुटलं, सालपटं निघाली, मिठानं कोन मेला नाय.’ आणि घरी पोचताच रोह्याला तुम्हाला फोन, ‘या, पोरगी बघून घ्या.’ आठवडाभर थांबवत नव्हतं, तुमच्या दिराचं, प्रविणचं, दुसरीकडे जुळतंय असं कानावर आलं होतं ना. आणि गंमत ऐका – दर महिन्याला चार दिवस मला मागच्या पडवीत बसवतात. ताट वेगळं, चटई वेगळी, कशाला हात लावायचा नाही. तेव्हा कुणी पुरावा मागत नाही. आज खरंच लांब बसायला हवंय, ताट खरंच वेगळं हवंय, तर आई म्हणते, ‘आज नाटकं नको गो, पावनी काय म्हनतील.’

तुम्ही काय म्हणताय? मग नटून कशाला बसले? – ठुशी मीच मागितली आईकडे. झालं समाधान? धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की प्रविण रोह्याच्या स्टँडवर उभे असायचे, मी कॉलेजातून यायची तेव्हा... हे नव्हतं बोलायचं मला. मला वाटलेलं, आधी जुळू दे, मग मी त्यांना सगळं सांगेन. सांगितलं असतं का? – नसतं, बहुतेक. डॉक्टर म्हणालेत वर्षभर तरी मूल नको, ते तर नसतंच सांगितलं. पण तुम्ही पायरी चढलात, पोटाला हात लावून दम खाल्लात, आणि काका म्हणाले, ‘पाट शेजारी टाका, जरा चिकटून बसा दोघी’ –

नाही, काका. तो पाट उचला. ‘मी सांगतोय ना’ – सांगा की. तुम्ही सांगितलंत म्हणून किरण थांबणार आहेत का? मी नाही बसणार त्यांच्या शेजारी. लग्न मोडलं तर मोडू दे, पेणपासून रोह्यापर्यंत नाव खराब झालं तर होऊ दे, नाही बसणार. हाताला धरून बसवता? या, धरा. – धरा ना. का, हात का मागे घेतलात?

आई, तू धरतेस? ... सासूबाई, तुम्ही तरी? ...

वहिनी, तुम्ही निघा. ओटी राहू दे तिथंच.