वाफ्यांवरच्या चादरी

अंकिता : मामा, या वाफ्यातही काही हलत नाही.

नवनाथ : खाली हात घाल. तळाला बसली असतील गांडुळं. थंडीत खाली जात्यात ती.

अंकिता : कोपरापर्यंत घातला. सगळी मेलीयेत. वास येतोय.

नवनाथ : मंग ऱ्हाऊ दे. हात धू. बादली तितं हाय, नळाखाली.

अंकिता : कधीपासून चाललंय हे?

नवनाथ : झालं की चार-पाच दिस. आदी वाफ्याच्या भाईर याया लागली. भिताडावर चढत हुती. मला वाटलं, लई झाली, जागा पुरंना त्यास्नी. तुज्या मामीला म्हणलं सुदा, बघ, आपली कंपनी वाढाय लागली.

अंकिता : आणि मला एक फोन नाही केलात.

नवनाथ : काय सांगू फोनवर? तू तिकडं पुण्यात साहेबाला सांगून बसलेली, माजा मामा असा, त्याची गांडूळखताची कंपनी अशी. त्ये पैसे लावायला निघाल्यात, आन मी म्हणू, येऊ नगा, गांडुळंच मेली?

अंकिता : पण झालं कशानं? शेण तेच, पाणी तेच. आजवर कधी असं झालं नाही.

नवनाथ : चादरीनं.

अंकिता : कसल्या चादरी?

नवनाथ : त्या बघ की, तारंवर टाकल्यात. मागल्या हप्त्यात थंडी लई पडली. गोणपाट पुरंना. गांडूळ गारठलं की खात न्हाय, आन खाल्लं न्हाय तर खत कुटलं? भवानी पेठेतला आमचा चादरीचा कारखाना बंद झाला तवा मालकानं शेवटच्या पगारात आमाला चादरीच दिल्या हुत्या. गठ्ठा तसाच पडून हुता. म्हणलं, सूतच हाय, माज्याच मागावर इणलेलं, गोणपाटापरास ऊब धरंल. झाकल्या. वरनं सकाळ-सांज झारीनं पाणी मारत हुतो.

अंकिता : आणि रंग खाली उतरला.

नवनाथ : सेकंडचा माल तो. रंग कच्चा, वर रंगातलं मीठबी धुतल्यालं न्हाय. मला काय म्हाईत न्हवतं व्हय? उभा जलम मागावर गेला माजा. पर तवा डोस्क्यात एकच, ही गारठाय न्हाय पायजेत. लेकरावर पांघरूण घालावं तसं घातलं बघ.

अंकिता : मामी काय म्हणते?

नवनाथ : काय म्हणणार? चुलीम्होरं बसलीय. पुण्याचा माणूस येणार म्हणून शेंगाची चटणी कुटली, कडक भाकरी केल्या. सोजरबाई आन तिच्यासंगच्या बाया सकाळच्याला येऊन बसल्या हुत्या. त्यास्नी म्हणलं, आज काम न्हाय. उद्याचं इचारलं, तर म्हणलं, सांगावा धाडतो.

अंकिता : साहेबांनी मोहोळ सोडलंय. येतीलच आता.

नवनाथ : मी तुजा मामा लागतो, ठावं हाय न्हवं त्यास्नी?

अंकिता : त्यांना दिलेल्या रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय मी ते.

नवनाथ : आन पुढं काय लिवलंस? सांग की. माज्यावर कुणी कदी काय लिवलं न्हाय.

अंकिता : आता कशाला, मामा?

नवनाथ : सांग गं.

अंकिता : लिहिलंय की गांडूळखताच्या छोट्या कंपन्यांत पैसे घालावेत. गावोगाव फिरून शेण गोळा करणं मोठ्या कंपनीला परवडत नाही, म्हणून ही जागा छोट्यांचीच राहणार. सांगोल्याचा डाळिंबवाला एकदा खत घेऊन गेला की पुढच्या बहाराला पुन्हा येतो, त्याला बोलवावं लागत नाही. मागणी आहे, माल कमी पडतोय. पैसा लावला तर वाफे वाढतील.

नवनाथ : खरं हाय की समदं.

अंकिता : खरंच आहे.

नवनाथ : आन धोका कशाचा म्हणून लिवलंस?

अंकिता : उन्हाळ्यात पाण्याची टंचाई.

नवनाथ : चादरीचं न्हाय लिवलंस.

अंकिता : ते कुणाच्या डोक्यात येईल, मामा?

नवनाथ : व्हय. माज्याबिगर कुणाच्या येणार?

अंकिता : ऐका. भिंतीकडचा एक वाफा जिवंत आहे ना?

नवनाथ : हाय. त्याच्यावर गोणपाट हुतं.

अंकिता : तेवढाच उघडू. बाकीचे झाकून ठेवू. थंडी आहे, उघडले तर गारठतील, असं म्हणू.

नवनाथ : आन त्यांनी तुज्यासारका दुसऱ्यात हात घातला म्हंजी? त्या कागदावर तुजं नाव हाय. माजं बुडालं ते बुडालं, तुजी नोकरी कशाला घालवू त्यात?

अंकिता : मग माझे साठवलेले घ्या. नवीन गांडुळं आणू.

नवनाथ : भाचीला द्यायचं असतं बाई, भाचीचं घ्यायचं नसतं. तुजी आई वर गेली म्हणून रीत बदलत न्हाय. आन आणून सोडशील कशात? समद्या वाफ्यात रंग मुरलाय. उकरून टाकायचं, नवं शेण मुरवायचं, मंग सोडायची. तवर डाळिंबवालं दुसरा बघत्यात.

अंकिता : मग मी करू तरी काय?

नवनाथ : मलाबी तेच कळंना झालंय.

(दाराशी गाडी थांबते. अंकिताचे साहेब, दिग्विजय, आत येतात.)

दिग्विजय : नमस्कार नवनाथराव. आलो एकदाचा. तुमच्या भाचीनं डोकं खाल्लंय माझं, मामांचं युनिट बघाच म्हणून.

नवनाथ : नमस्कार. साहेब, बसायच्या आदी वाफं बघून घ्या. ह्यो एकच जिता हाय. बाकीचं मेलं. रंगाच्या चादरी झाकल्या मी, माज्याच हातनं मेलं.

दिग्विजय : सगळे?

नवनाथ : समदे.

दिग्विजय : पुन्हा माल कधी निघेल?

नवनाथ : पावसाळा उजाडंल. लई घाई केली तरी.

अंकिता : सर, डिमांड कुठं गेलेली नाही. तोवर कंपनी तगली पाहिजे, एवढंच. पैशांची खरी गरज आत्ताच आहे.

दिग्विजय : ती दिसतेय मला. पण मी लावतो ते लोकांचे पैसे. समज, हे तुझे मामा नाहीत. अनोळखी माणूस आहे आणि असेच वाफे आहेत. काय लिहिलं असतंस?

अंकिता : नको, असं लिहिलं असतं.

नवनाथ : बराबर हाय तिचं.

दिग्विजय : तुम्ही लपवलं नाहीत, हे मी विसरणार नाही, नवनाथराव. आणि रिपोर्ट चुकलेला नाही. या धंद्यात दम आहेच. राग मानू नका, पण एवढ्या लांब आलोय म्हणून विचारतो, आसपास असं छोटं, चांगलं काम करणारं दुसरं कोणी आहे?

अंकिता : सर, आत्ता नको ना.

नवनाथ : हाय की. माढ्याकडं अभिमन्यू हाय. लई चोख माणूस. पयली टोपलीभर गांडुळं हितनंच घेऊन गेला. आता त्याचं वाफं माज्यापरास जास्त हायती.

दिग्विजय : मग तो तुम्हाला नाही का देणार परत?

नवनाथ : दील की, टोपलीभर दील. टोपलीनं काय हुतंय, साहेब?

दिग्विजय : मॅपवर सापडेल का तो?

नवनाथ : न्हाय सापडायचा. वड्याच्या पल्याड वस्ती हाय, फाटा ध्यानात येत न्हाय. हिला म्हाईत हाय. घेऊन जावा हिला.

अंकिता : मी नाही जाणार, मामा.

नवनाथ : नोकरी हाय न्हवं तुजी?

अंकिता : तुम्हाला असं सोडून?

नवनाथ : भाकरी बांधून घे दोगांच्या. मामीनं केल्यात, वाया कशाला घालवायच्या?

अंकिता : मामा.

नवनाथ : जा बाई. साहेबास्नी वाट दाव.