मर्सर बिल्डिंगचे उजळलेले मालक

[दोहा, अल सद्द. संध्याकाळी उघडणाऱ्या नव्या रेस्टॉरंटात, भिंतभर लावलेल्या जुन्या फोटोसमोर. प्रताप सजावटीच्या कंपनीतला साहेब, धनाजी त्याच्या हाताखालचा सुतार.]

धनाजी : आता लांबनं बगा, साहेब. फोटूतली चौघंबी हळद लागलेल्या नवरीवानी उजळलेत.

प्रताप : धनाजी, तू सुतार आहेस. पॅनेल सरळ बसलंय का, तेवढं बघ.

धनाजी : पॅनेल सरळ हाय. माणसं बदललीत तुमी.

प्रताप : अरे, शंभर वर्षांचा फोटो. चेहरे काळे आले होते. प्रिंटरला म्हटलं, जरा उजळ कर.

धनाजी : काळे आले न्हवते, साहेब. काळेच हुते. अमेरिकेतल्या एका गावच्या भर बाजारातली ही मर्सर बिल्डिंग. खाली न्हाव्याचं दुकान, शेजारी शिंपी, वर दातांचा डाक्टर आन् पेपर छापणारा. गोरे आपल्या दुकानात घेईनात, म्हून काळ्यांनी वर्गणी काढून तीन मजलं उठवलं. सगळी दुकानं त्यांचीच.

प्रताप : हे तुला कुणी सांगितलं?

धनाजी : ह्या हाटेलच्या मालकीणबाईंनी. रोज सकाळी येत्यात की. म्या काउंटरला रंधा मारायचो, त्या सांगायच्या. इंग्लिश माझं मोडकं, हिंदी त्यांची मोडकी, पर समजायचं. फोटूत ज्यानं वस्तरा धरलाय न्हवं, त्यो त्यांचा आजा.

प्रताप : नबीला मॅडमचे आजोबा? मला वाटलं, त्या लेबनॉनच्या.

धनाजी : का वं?

प्रताप : नावावरून.

धनाजी : तीन महिनं ईमेल हाणलं, तोंड न्हाई बघितलं? एकदा गाडीतल्या एसीतनं उतरला असता, तर दिसल्या असत्या. आज्यावरच गेल्यात.

प्रताप : खलास! म्हणजे त्यांच्या आजोबांना मी...

धनाजी : पांढरंफेक केलंत. डोळंबी निळं. म्हातारा आज आरशात बघता, तर ह्या पावन्याची दाढी कवा करू म्हणाला असता.

प्रताप : हसू नकोस. एक तासात त्या येतील. माझी नोकरी जाईल रे! पडदा टाक. प्रिंटरची चूक झाली, म्हणून सांगू.

धनाजी : सांगा की. पर प्रिंटरला फोनवर तुमी काय म्हणला हुता? गाडीत मागं म्याच बसलो हुतो.

प्रताप : काय म्हटलं?

धनाजी : तुमीच सांगा.

प्रताप : म्हटलं... हे दुकानांचे मालक आहेत, नोकर वाटता कामा नयेत.

धनाजी : व्हय. असंच म्हणला.

प्रताप : ...आता करायचं काय?

धनाजी : बाईंनी दिल्याला मूळ फोटू कुठाय?

प्रताप : माझ्या बॅगेत. पण वीतभर आहे.

धनाजी : असू दे. पॅनेल उतरवतो, तितं त्यो लावू.

प्रताप : एवढ्या मोठ्या भिंतीवर? लोकांना दिसणार कसा?

धनाजी : जवळ यावं लागंल. यल्ला, चला, ह्यो हातोडा घ्या.

प्रताप : मी?

धनाजी : खिळा तुमी ठोका. म्या शिडी धरतो.

प्रताप : आणि मॅडमनी विचारलं, मोठा फोटो कुठे गेला, तर?

धनाजी : गाडीत म्हणला ते सांगा. जसंच्या तसं.

प्रताप : ...शिडी घट्ट धर.